षष्ठी आणि ममत्व

इंग्रजी व्याकरण शिकविणें हा रुक्ष धंदा आहे असा सर्वांचा समज असतो, आणि तो फारसा खोटाही नाहीं. तथापि या रुक्ष जमिनींतही कधीं कधीं असा एखादा प्रश्न उगवतो कीं, त्याचें उत्तर व्याकरणाच्या पुस्तकांत मिळत नाहीं आणि तें मिळाल्यावांचून स्वस्थही बसवत नाहीं. असा एक प्रश्न गेल्या पावसाळ्यांत माझ्यापुढें आला. भाषांतराच्या तासाला मीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना पांच लहान शब्दसमूह इंग्रजींत उतरविण्यास दिले होते : माझी आई, माझी छत्री, माझें गांव, माझा ताप आणि माझी चूक. काम सोपें होतें. पांचही ठिकाणीं ‘माय’ हा एकच शब्द पुरला, आणि सर्वांचीं उत्तरें बरोबर आलीं. तेवढ्यांत मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें उभें राहून विचारलें, “सर, या शब्दाला आपण स्वामित्वदर्शक म्हणतां. पण या पांचांत माझ्या मालकीची अशी एक छत्रीच आहे. मग बाकीच्या चारांना तोच शब्द कां ?”

वर्गांत हशा पिकला. बाहेर पाऊस कोसळत होता आणि तास संपत आला होता. “व्याकरणांत तसें चालतें,” असें सांगून मीं पुस्तक मिटलें. घरीं येतांना रंकाळ्याच्या कांठानें चालत असतां मात्र त्या उत्तराची मला लाज वाटूं लागली. मुलानें अर्थ विचारला होता आणि मीं त्याला वहिवाट सांगितली होती. पुढील विवेचन हें त्या राहून गेलेल्या उत्तराचाच एक प्रयत्न आहे.

प्रथम व्याकरणाचाच विचार करूं. दोन नामांचा संबंध दाखविण्याच्या इंग्रजींत मुख्यतः तीन रीति आहेत. एक, पहिल्या नामास अ‍ॅपॉस्ट्रफी व ‘एस’ जोडणें. दुसरी, ‘ऑफ’ हें शब्दयोगी अव्यय मध्यें घालणें. आणि तिसरी, कांहींच न करतां दोन नामें शेजारीं शेजारीं ठेवून देणें. मुलाची टोपी पहिल्या रीतीनें सांगावी, शतकाचा आरंभ दुसरीनें सांगावा, आणि टेबलाचा पाय तिसरीनें, म्हणजे नुसतें ‘टेबल लेग’ म्हणून, सांगावा असा सामान्य प्रघात आहे. सजीवाकडे पहिली रीति अधिक झुकते आणि निर्जीवाकडे दुसरी. नियम म्हणून हें पुरेसें आहे, अपवाद पुष्कळ आहेत, आणि परीक्षेंत गुण बहुधा त्या अपवादांवरच जातात.

परंतु पहिल्या रीतीचा इतिहास मनोरंजक आहे. हा ‘एस’ म्हणजे प्राचीन इंग्रजींतील षष्ठीच्या एका प्रत्ययाचा अवशेष होय. ही गोष्ट लोक विसरले, तेव्हां पुष्कळ लेखकांची अशी समजूत झाली कीं, हा ‘एस’ म्हणजे ‘हिज’ या सर्वनामाचा संक्षेप असावा. आणि ‘राजाचा मुकुट’ असें न लिहितां ते ‘राजा त्याचा मुकुट’ अशा थाटानें लिहूं लागले. सोळाव्या व सतराव्या शतकांतील इंग्रजी ग्रंथांत असे प्रयोग जागोजाग आढळतात. समजूत चुकीची होती, पण ती मनाचा कल दाखविते. दोन वस्तूंमध्यें कांहीं तरी संबंध आहे एवढें सांगणारा एक निरुपद्रवी प्रत्यय होता. लोकांनीं त्यांत एक मालक उभा केला. व्याकरणकारांनीं पुढें या विभक्तीस ‘पझेसिव्ह’, म्हणजे स्वामित्वदर्शक, असें नांव दिलें, आणि आमच्या विद्यार्थ्याची अडचण त्या नांवांतूनच जन्मास आली.

आपल्याकडील व्याकरणशास्त्र या बाबतींत अधिक सावध होतें. कर्ता, कर्म, करण इत्यादि कारकांची व्यवस्था लावून झाल्यावर जें कांहीं उरतें त्यास पाणिनीनें ‘शेष’ म्हटलें, आणि त्या शेषाकडे षष्ठी सोंपविली. स्वामी आणि त्याचें स्व, म्हणजे धनी आणि धन, हा त्या शेषांतील अनेकांपैकीं एक संबंध. अवयव आणि अवयवी हा दुसरा. पिता आणि पुत्र हा तिसरा. पतंजलीनें तर महाभाष्यांत षष्ठीचे अर्थ शंभराच्या घरांत मोजले आहेत. आपल्या शाळांतूनही मुलांना षष्ठीचा अर्थ ‘संबंध’ असाच पाठ करविला जातो, ‘मालकी’ असा नव्हे. दादोबा पांडुरंगांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं छापलें गेलें आणि मोरो केशव दामल्यांचें ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ सालीं. या दीर्घ परंपरेंत वाढलेल्या मुलाला वास्तविक इंग्रजी ‘माय’ शब्दानें गोंधळून जाण्याचें कारण नव्हतें. तो गोंधळला, कारण त्याच्या मनांत व्याकरणाचीं परिभाषा तेवढी इंग्रजी राहिली होती.

मराठी षष्ठीचे दोन विशेष येथें सांगण्याजोगे आहेत. पहिला असा कीं, आपला प्रत्यय ज्याची वस्तु आहे त्याच्यापुढें वांकत नाहीं. तो वस्तूपुढें वांकतो. माझा मुलगा, माझी मुलगी, माझें मूल, माझीं मुलें : यांत बोलणारा ‘मी’ पुरुष आहे कीं स्त्री, राजा आहे कीं रंक, याचा कांहीं पत्ता लागत नाहीं. लिंगवचन ठरतें तें मुलामुलींवरून. इंग्रजींत याच्या उलट ‘हिज’ आणि ‘हर’ हीं रूपें धन्याचें लिंग सांगतात आणि वस्तूकडे पाहत नाहींत. मराठींतील ‘त्याची’ आणि ‘तिचा’ हीं रूपें दोघांचाही मान राखतात. प्रकृतीवरून धनी ओळखावा आणि प्रत्ययावरून वस्तु.

दुसरा विशेष असा कीं, इंग्रजी ‘हॅव्ह’ या क्रियापदास मराठींत एक असा प्रतिशब्दच नाहीं. इंग्रज मनुष्य भाऊ, घर, पैसा आणि ताप हीं सर्व एकाच क्रियापदानें बाळगतो. आपण म्हणतों : मला दोन भाऊ आहेत, माझें घर आहे, माझ्याजवळ पैसे आहेत, माझ्या अंगांत ताप आहे. भाऊ मला मिळालेला आहे, पैसा माझ्या जवळ येऊन बसलेला आहे, आणि ताप अंगांत शिरलेला आहे. यांपैकीं एकाही वाक्याचा कर्ता ‘मी’ नाहीं. यावरून इंग्रज लोभी व आपण निर्लोभी, असला निष्कर्ष कोणी काढूं नये. लॅटिन भाषेंतही ‘मला पुस्तक आहे’ अशा धर्तीची रचना होती, म्हणून रोमन लोकांनीं दुसऱ्यांचीं राज्यें घ्यावयाचीं सोडलीं नाहींत. आणि भाऊबंदकीचे दावे आपल्या न्यायालयांत कमी आहेत असेंही नाहीं. भाषा मनुष्याला सद्‌गुणी करीत नाहीं. ती त्याला विचार करण्यास खुंट्या तेवढ्या देते. त्या खुंट्यांवर काय टांगावें हें ज्याचें त्यानें पाहावयाचें असतें.

आतां विद्यार्थ्याच्या त्या पांच शब्दसमूहांकडे वळूं. त्यांची परीक्षा करण्याची मला एक साधी युक्ति सुचली. षष्ठी उलटून पाहावी. ‘माझी आई’ हें उलटलें असतां ‘आईचा मी’ असें होतें, आणि तें पहिल्याइतकेंच खरें आहे. ‘माझें गांव’ उलटलें कीं ‘गांवचा मी’ होतो, किंबहुना परक्या मुलखांत कोणी विचारलें तर आपण आधीं हेंच उत्तर देतों, “मी कोल्हापूरचा.” परंतु ‘माझी छत्री’ उलटून ‘छत्रीचा मी’ असें म्हटलें तर तें हास्यास्पद होतें. जी षष्ठी उलटतां येते ती नात्याची, आणि जी उलटत नाहीं ती मालकीची, असा एक ढोबळ निकष यावरून हातीं लागतो. तापाची गोष्ट निराळी. तो नात्याचाही नव्हे आणि मालकीचाही नव्हे, तो भोगावयाचा असतो.

हा निकष घेऊन मी कांहीं दिवस मोठ्या समाधानांत होतों. मनुष्यानें आपल्या जवळच्या सर्व वस्तूंशीं उलटणाऱ्या षष्ठीचा संबंध जोडावा, म्हणजे ममत्वांतील विष उतरेल, असें माझ्या मनानें घेतलें होतें. ‘शेत माझें’ एवढेंच न म्हणतां ‘मी शेताचा’ असेंही शेतकऱ्यानें म्हणावें. ‘संस्था माझी’ म्हणणाऱ्यानें ‘मी संस्थेचा’ असेंही म्हणावें. ऐकावयास हें गोड वाटतें. पण याच कोल्हापूरच्या इतिहासानें मला या समाधानांतून जागें केलें.

महार वतनाची पद्धति वाचकांस ऐकून माहीत असेल. गांवकीच्या वतनी कामाबद्दल एका कुळाला जमिनीचा लहानसा तुकडा मिळे. त्या तुकड्याच्या मोबदल्यांत त्या कुळानें सांगेल तें सरकारी व गांवकीचें काम, सांगेल त्या वेळीं, पिढ्यान्‌पिढ्या करावयाचें. येथें षष्ठी दोन्ही बाजूंनीं लागू होती. जमीन त्या कुळाची होती, आणि तें कुळ जमिनीचें होतें. पण या दुसऱ्या षष्ठीनें माणसाला बांधून टाकलें होतें. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं कोल्हापूर संस्थानांत हीं वतनें नाहींशीं करून जमिनी रयताव्यानें त्या त्या माणसांच्या नांवें करून दिल्या. त्यांनीं काय केलें, हें व्याकरणाच्या भाषेंत सांगावयाचें तर, उलटणारी षष्ठी मोडून त्यांनीं तेथें साधी, एकेरी, मालकीची षष्ठी बसविली. आणि तीच त्या माणसांची मुक्ति होती. मुंबई इलाख्यांत १८७४ च्या वतन कायद्यांत दुरुस्ती व्हावी म्हणून डॉ. आंबेडकरांनीं १९२८ सालीं कायदे मंडळांत विधेयक आणलें, आणि तीं वतनें कायद्यानें नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. ज्याच्याजवळ पुरेसें स्वतःचें आहे त्यानें ‘मी गांवचा’ असें म्हणणें हें निराळें. आणि ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्याला दुसऱ्यांनीं ‘तूं गांवचा’ असें ऐकविणें हें निराळें. पहिलें प्रेम आहे, दुसरें दास्य आहे. माझ्या निकषाला हा भेद कळत नव्हता.

तेव्हां पांच शब्दसमूहांतील जो शेवटचा मीं बाजूला ठेविला होता, त्याकडे मला परत जावें लागलें. ‘माझी चूक’ म्हणजे काय ? चूक ही मालमत्ता नव्हे. ती कोणी चोरून नेत नाहीं, उलट आपणच ती दुसऱ्याच्या दारांत टाकून येण्याची खटपट करीत असतों. तिच्याशीं नातें असतें असेंही म्हणवत नाहीं. आणि उलटून पाहावें तर ‘चुकीचा मी’ असा भलताच अर्थ निघतो. मग ‘माझी चूक’ असें म्हणणारा मनुष्य खरोखर काय सांगत असतो ? तो सांगत असतो कीं, या गोष्टीबद्दल कोणी विचारणार असेल तर त्यानें मला विचारावें. हा जबाबदारीचा अर्थ होय. माझ्या मतें हाच ‘माझें’ या शब्दाचा सर्वांत प्रौढ अर्थ आहे, आणि इतर सर्व अर्थांची कसोटी यावर घ्यावी. जो मनुष्य ‘माझें घर’, ‘माझी संस्था’, ‘माझा देश’ असें मोठ्यानें म्हणतो, पण त्याच घराची, संस्थेची किंवा देशाची चूक निघाली असतां ‘माझी चूक’ असें म्हणावयास जागेवर सांपडत नाहीं, त्याची षष्ठी छत्रीच्या षष्ठीहून वर गेलेली नाहीं. आणि वतनांतील अन्यायही या कसोटीवर स्पष्ट दिसूं लागतो. तेथें सारी जबाबदारी एकाची होती आणि अधिकार दुसऱ्यांचा होता. अधिकारावांचून जबाबदारी हें दास्य; जबाबदारीवांचून अधिकार हा नुसता कबजा. ‘माझें’ हा शब्द उच्चारण्याची योग्यता दोन्ही एकत्र येतील तेव्हांच येते.

येथें कोणी म्हणेल कीं, आमच्या शास्त्रकारांनीं याहून सोपा मार्ग सांगितला आहे. आहुति देतांना ‘हें माझें नव्हे’ असें म्हणण्याची रीत आहे. ममत्व सर्वथा टाकावें, म्हणजे प्रश्नच उरणार नाहीं. या वैराग्याविषयीं मला आदर आहे. पण ‘माझें नव्हे’ हे शब्द यज्ञांत उच्चारले जातात तसे रस्त्यावरही उच्चारले जातात. फुटलेला नळ वाहत असतो. तो सरकारी असतो, म्हणजे कोणाचाच नसतो. पंचगंगेच्या पाण्यांत शहराचें सांडपाणी वर्षानुवर्षें मिसळत आलें आहे. नदीला आई म्हणतांना ती सर्वांची असते, आणि त्या पाण्याबद्दल जाब विचारला कीं ती माझी नव्हे असें प्रत्येकास वाटतें. असें वैराग्य फार स्वस्त आहे. ममत्व टाकणारा मनुष्य वस्तूचा भोग टाकीत आहे कीं तिची जबाबदारी, हें पाहिल्यावांचून त्याला साधु म्हणण्याची घाई करूं नये.

आतांपर्यंत जी षष्ठी उघड दिसते तिचा विचार झाला. परंतु अधिक धोका जी दिसत नाहीं तीत आहे. इंग्रजींत दोन नामें नुसतीं शेजारीं ठेवण्याची जी तिसरी रीति सांगितली, तिलाच आपण समास म्हणतों. समासांत विभक्तीचा लोप होतो. संस्कृत वैयाकरणांचें ‘राजपुरुष’ हें उदाहरण प्रसिद्ध आहे. ‘राजाचा पुरुष’ असें मोकळें म्हटलें तर ‘श्रीमंत राजाचा पुरुष’ असें राजाला विशेषण जोडतां येतें. ‘श्रीमंत राजपुरुष’ असें म्हटलें कीं ती श्रीमंती राजाकडून निघून त्याच्या चाकराकडे जाते. समासांत शिरलेल्या पहिल्या पदाला स्वतःचें विशेषण उरत नाहीं, वचन उरत नाहीं. राजा एक कीं अनेक, हेंही कळत नाहीं. शब्दाची सोय होते, पण संबंध काय होता तें झांकलें जातें. आणि म्हणून विद्यार्थ्यांकडून विग्रह करून घ्यावा लागतो.

पुष्कळदां हें झांकलें जाणें निरुपद्रवी असतें. आमच्या शहरांतील राजाराम कॉलेज १८८० सालीं स्थापन झालें. ज्यांचें नांव त्यास आहे ते राजाराम छत्रपती त्यापूर्वीं दहा वर्षें, १८७० सालीं, इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं वारले होते. तें कॉलेज त्यांनीं काढलेलें नव्हे आणि त्यांनीं पाहिलेलेंही नव्हे. १९६२ सालच्या शिवाजी विद्यापीठाचाही विग्रह मालकीनें होत नाहीं, स्मरणानेंच होतो. पण सर्वच समास इतके निष्पाप नसतात. इंग्लंडांत गिरण्या वाढल्या तेव्हां तेथील कामगारांना ‘मिल हँड’ म्हणण्याचा प्रघात पडला. विग्रह केला तर तो ‘गिरणीचा हात’ असा होतो. त्या हाताला जोडलेला मनुष्य समासांत कोठेंच दिसत नाहीं.

हें परदेशचें उदाहरण झालें असें म्हणून आपण सुटत नाहीं. आपल्या साखरेच्या मुलखांत दर हिवाळ्यास ऊसतोडीचीं कुटुंबें दूरच्या दुष्काळी जिल्ह्यांतून येतात. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, आणि एकटें माणूस आलें तर तो ‘अर्धा कोयता’. आगाऊ दिलेली उचल फिटेपर्यंत हे कोयते त्या मुकादमाचे असतात. ‘ऊसतोड’ या सुटसुटीत समासाचा विग्रह करून पाहावा : कोणाच्या उसाची, कोणाकडून, कोणाच्या कर्जापोटीं होणारी तोड ? एवढे प्रश्न ज्या शब्दानें एका दमांत गिळले तो आपण सकाळीं चहांत साखर ढवळीत वर्तमानपत्रांत वाचतों आणि पान उलटतों. यांत वर्तमानपत्राचा दोष नाहीं. शब्द लांब असते तर व्यवहार चालला नसता. पण विग्रह करण्याची संवय सुटली कीं मग समास आपल्या वतीनें विचार करूं लागतात.

असाच एक शब्द अलीकडे जगभर गाजला, आणि तो आमच्याच गांवच्या नांवाचा होता. ‘कोल्हापुरी चप्पल’ यांत षष्ठीही नाहीं आणि समासही नाहीं. गांवाच्या नांवाला ‘ई’ लागून झालेलें तें विशेषण आहे. २०१९ सालीं या चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें, तें महाराष्ट्र व कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नांवें. आणि त्यांत कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर यांच्या जोडीला बेळगांव, बागलकोट, धारवाड व विजापूर असे एकंदर आठ जिल्हे येतात. म्हणजे अथणीच्या कारागिरानें घडविलेली चप्पलही न्यायानें कोल्हापुरीच. पुढें २०२५ च्या जून महिन्यांत मिलान येथील एका प्रदर्शनांत प्राडा या इटालियन कंपनीनें हुबेहूब तशा वहाणा ‘चामडी सँडल’ एवढ्याच नांवानें मांडल्या. येथें ओरड झाली, आणि मग या वहाणांमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हें त्या कंपनीनें मान्य केलें. कांहीं वकिलांनीं मुंबई उच्च न्यायालयांत जनहित याचिका केली. परंतु मानांकनाचे नोंदणीकृत धनी तुम्ही नव्हे, दाद मागावयाची तर त्यांनीं मागावी, अशा अर्थानें न्यायालयानें ती जुलै महिन्यांत फेटाळली.

त्या दिवसांत आमच्या शहरांत जो तो ‘आमची चप्पल’ असें म्हणत होता. मीही म्हणत होतों. माझ्या पायांतही ती होती. परंतु विग्रहाची खोड लागलेला मनुष्य अशा वेळीं स्वतःच्याच वाक्याशीं अडखळतो. आमची म्हणजे कोणाची ? कातडें बाभळीच्या सालीनें व हिरड्यानें कमावणाऱ्याची, खिळा न वापरतां चामड्याच्या वादीनें ती शिवणाऱ्याची, कीं दुकानांत बसून भाव पाडून मागणाऱ्या माझी ? ज्यांच्या हातांनीं ती घडली त्या समाजाला याच गांवांतल्या आमच्या वाडवडिलांनीं उंबऱ्याबाहेर उभें केलें होतें. तेव्हां चप्पल आमची होती आणि ती करणारा मात्र आमचा नव्हता. परक्या कंपनीनें कारागिराचें नांव घेतलें नाहीं याचा राग आम्हांस आला, तो योग्यच होता. पण आम्हीं तरी तें नांव कधीं घेतलें होतें? मराठींत ‘आमचें’ आणि ‘आपलें’ असे दोन शब्द आहेत, आणि हें भाग्य इंग्रजीला नाहीं. ‘आमचें’ म्हणतांना समोरचा वगळला जातो, ‘आपलें’ म्हणतांना तो आंत घेतला जातो. त्या दिवसांत चपलेविषयीं ‘आपली’ म्हणण्याचा अधिकार जर कोणाला असेल, तर तो त्या कारागिराला होता. आणि तो वापरावा कीं नाहीं हें त्याच्या मनावर होतें.

या प्रकरणांत कायद्यानें केलेली एक गोष्ट मात्र मला फार विचारपूर्वक केलेली वाटते. भौगोलिक मानांकनाचा अधिकार १९९९ च्या कायद्यानें विकतां येत नाहीं, गहाणही ठेवतां येत नाहीं. मालकीचें मुख्य लक्षण जें विकण्याचें स्वातंत्र्य, तेंच येथें काढून घेतलें आहे. आणि तरीही हा अधिकार खरा आहे, त्याच्या बळावर दाद मागतां येते. जिथें वस्तु एका कुळाची नसून अनेक पिढ्यांची व अनेक गांवांची आहे, तिथें छत्रीची षष्ठी लावूं नये, हें कायद्यालाही उमगलें, एवढें यावरून म्हणावयास हरकत नाहीं.

शेवटीं घरांतलें एक उदाहरण देऊन हें लांबलेलें विवेचन पुरें करतों. आपलीं नांवें हेही समासच आहेत. मुलाचें नांव, बापाचें नांव, आडनांव : यांतील मधलें पद म्हणजे लोप पावलेली षष्ठी. जुन्या दस्तऐवजांत ती ‘बिन’ शब्दानें उघड लिहीत, आणि स्त्रीच्या नांवापुढें ‘कोम’ घालून तिच्या नवऱ्याचें नांव येई. अमक्याचा मुलगा, तमक्याची बायको. ज्या व्यक्तीनें मुलाला नऊ महिने वागविलें, त्याच्या तापांत रात्री जागून काढल्या आणि त्याच्या प्रत्येक खोडीचा जाब शेजाऱ्यांना दिला, तिची षष्ठी या समासांत कोठेंच नव्हती. जबाबदारी सगळी तिची, आणि नांव दुसऱ्याचें. महाराष्ट्र शासनानें १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नांवाआधीं आईचें नांव लिहिणें आवश्यक केलें आहे. फॉर्मावरील एका रकान्यानें संसार पालटत नाहीं, हें मलाही कळतें. पण इतकीं शतकें जो विग्रह करावयाचा राहून गेला होता, तो निदान कागदावर तरी झाला.

पुढच्या तासाला मीं त्या विद्यार्थ्यास उभें केलें आणि माझें पहिलें उत्तर चुकीचें होतें हें वर्गापुढें सांगितलें. ‘माय’ म्हणजे मालकी नव्हे. ‘माय’ म्हणजे कांहीं तरी संबंध आहे एवढेंच, आणि तो कोणता हें प्रत्येक वेळीं बोलणाऱ्यानें स्वतः ठरवावयाचें आणि निस्तरावयाचें असतें, असें मीं म्हणालों. मुलगा थोडा वेळ विचार करून म्हणाला, “मग सर, परवाचें उत्तर कोणाचें होतें ?” वर्ग पुन्हा हंसला. “माझें,” असें मीं म्हणालों, आणि त्या पांच शब्दसमूहांतील शेवटचा फळ्यावर लिहून दिला.